सल्ल्यापुरतं मत

नेल ओस्टरकाम्प सोळाव्या वर्षी कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर निवडून आली ती पार्किंगच्या एका जागेच्या जोरावर. आणि तिच्याकडे गाडीच नव्हती.

झालं असं. गावातल्या हायस्कुलातून दरवर्षी सहा मुलं आठवड्यातले तीन दिवस बसने वीस मैलांवरच्या काउंटी कॉलेजात जात. शाळा चालू असतानाच कॉलेजचे दोन-तीन विषय पदरात पडत, तेही फुकटात. त्या सहांत नेलचा नंबर सहावा. सातवी होती तिची जिवाभावाची मैत्रीण इमेल्डा किरोस. अर्ध्या मार्कानं हुकली होती बिचारी.

"अर्धा मार्क म्हणजे काय गं? स्वल्पविराम विसरले असेन कुठेतरी," इमेल्डा रोज जेवताना म्हणायची. "एका टिंबापायी कॉलेज गेलं माझं."

कॉलेजच्या मंडळावर सात मोठी माणसं आणि एक विद्यार्थी असे. विद्यार्थ्यानं बोलावं, मतही द्यावं, पण ते मत नुसतं सल्ल्यापुरतं. मोजणीत धरत नसत. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी दोन तास छपराच्या गळतीवर चर्चा ऐकायला कोण जाणार? पण त्या विद्यार्थ्याला मुख्य दाराला लागून राखीव पार्किंग मिळे. आणि जानेवारीत मक्याच्या शेतांवरून येणारा वारा तोंडावर घेत, बर्फ तुडवत, मैदानाच्या पार टोकाला गाडी लावून चालत येणाऱ्यांना त्या जागेची किंमत ठाऊक होती.

नेलनं नियम वाचून काढले. उमेदवार नोंदणी झालेला विद्यार्थी हवा, एवढंच होतं. वयाबद्दल चकार शब्द नाही. तिनं भिंतीवर कागद चिकटवला: "मला मत द्या. मला गाडी नाही. माझी जागा दर सोमवारी चिठ्ठी काढून तुमच्यातल्या एकाला."

समोरचा उमेदवार सव्वीस वर्षांचा, टाय लावणारा. तो 'विद्यार्थ्यांचा आवाज' बनायला निघाला होता. त्याला अडतीस मतं पडली. नेलला दोनशे बारा. नर्सिंगचा अख्खा वर्ग आणि वेल्डिंगचे सगळे दाढीवाले तिच्या बाजूला.

धान्याच्या कोठारावर काम करणारा तिचा बाप हसून हसून खोकायला लागला. "नेले, घरात तुझं कुणी ऐकेना म्हणून परगावी राज्य मिळवलंस होय?"

हसले नाहीत ते एकटे स्टकी सर. शाळेचे उपमुख्याध्यापक, उंच, सुकलेले, एकतीस वर्षं एकाच रंगाचा कोट. त्यांच्या सहीच्या पासाशिवाय शाळेतून माशीसुद्धा बाहेर जात नसे. पहिल्या बैठकीच्या दिवशी नेलनं पासावर 'कारण' या रकान्यात लिहिलं: "कॉलेज चालवायला जाते."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण लिही. फुशारकी नको."

"सर, कारणच आहे ते."

त्यांनी लाल पेनानं खोडून 'बैठक' असं लिहिलं. "सव्वातीनला परत. तीन सोळा झाले की शाळा सुटल्यावर तासभर बसायचं."

त्या वर्षात नेल चार वेळा बसली. गळकं छप्पर काही वेळेवर संपत नसे.

एप्रिलच्या बैठकीचा कागद हातात आला आणि तिचे डोळे चमकले. पाचवा विषय: हायस्कुलातच कॉलेजचे वर्ग भरवून सहाच्या जागी चाळीस मुलांना प्रवेश. माहिती देणार: एफ. स्टकी.

"इमे, सर माझ्यापुढे उभे राहणार! मी खुर्चीत, ते उभे. आणि बोलायला फक्त तीन मिनिटं. घंटी कुणाकडे असते माहितेय?"

"तुझ्याकडे?"

"विद्यार्थी प्रतिनिधीचं तेवढंच काम आहे तिथं. बरोबर तीन मिनिटांनी, वाक्याच्या मधोमध, टण्ण!"

"अगं भवाने, चाळीस जागांत मी पण आहे ना!"

"तुझ्यासाठी मी बोलेन की नंतर. पण घंटी मारणार म्हणजे मारणार."

मंगळवारी सरांनी पासावर सही केली, नेहमीसारखीच, वर न बघता. मग पंधरा मिनिटांनी त्याच रस्त्यानं स्वतःची जुनी गाडी घेऊन कॉलेजात आले. नेल बापाच्या ट्रकमधून आधीच पोचली होती आणि घंटी पुढ्यात ओढून बसली होती.

पाचवा विषय आला. अध्यक्ष वेन्झेल बाई म्हणाल्या, "मिस्टर स्टकी, यंदा पुन्हा?"

"यंदा पुन्हा," सर म्हणाले. "तिसरं वर्ष."

नेल चपापली. हे तिला ठाऊक नव्हतं.

"मान्यवर विश्वस्त," सरांनी सगळ्यांकडे पाहून म्हटलं, आणि शेवटी तिच्याकडे वळून तितक्याच गंभीरपणे, "आणि विश्वस्त ओस्टरकाम्प." तिला खुदकन हसू येणार होतं. आलं नाही.

सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "आकडे मागच्या दोन्ही वर्षी सांगितले, ते तुम्ही विसरलात. यंदा नावं आणलीत. दरवर्षी आम्ही सहा मुलं पाठवतो, मग सातव्याला मी माझ्या खोलीत बोलावतो आणि नाही म्हणून सांगतो. तीन वर्षांपूर्वी तो कर्ट होता. त्यानं शाळेच्या बॉयलरचा नकाशा काढला होता, कंपनीनं काढला त्यापेक्षा बरा. आता तो रात्रपाळीला गोदामात खोकी उचलतो. गेल्या वर्षी लोरेटा. 'चालेल सर' म्हणाली आणि उलट माझंच सांत्वन करून गेली. यंदाच्या मुलीनं मला विचारलं, स्वल्पविराम परत लावून देता येईल का? मी रागावलो तिच्यावर. मला दुसरं काही सुचेना."

घड्याळात तीन मिनिटं झाली. नेलचा हात घंटीवर होता. तिनं तो उचलून मांडीवर ठेवला.

सर बोलत राहिले. आठव्याचं सांगितलं, नवव्याचं सांगितलं. साडेपाच मिनिटं झाली तेव्हा वेन्झेल बाई खाकरल्या. "घंटी?"

"अडकलीय, मॅडम," नेल म्हणाली.

सर बसले. ड्वाइट होक नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बोट वर केलं. "मी ठराव मांडतो."

"अनुमोदक?" बाईंनी विचारलं.

एकजण पेनाचं टोपण लावू लागला, दुसरा कॉफीत बघू लागला. गेल्या दोन्ही वर्षी ठराव याच जागी मेला होता. मत घ्यायची वेळच आली नव्हती. सरांनी कागदाची पुन्हा चौकोनी घडी घालायला घेतली, आणि तो हळूहळू, नीट घडी घालणारा हात नेलला बघवेना.

"माझं अनुमोदन," ती म्हणाली.

कॉफीत बघणारा हसला. "बेटा, तुझं मत मोजत नाहीत."

"मत कुठे देतेय? अनुमोदन देतेय."

सगळ्यांनी वकिलाकडे पाहिलं. वकील वर्षभर कोपऱ्यात पेंगत असे; त्यानं खडबडून नियमांचं पुस्तक उघडलं. "विद्यार्थी विश्वस्ताला..." त्यानं बोट ओळीवरून फिरवलं, "ठराव मांडता येतो. आणि अनुमोदनही देता येतं."

"नक्की?"

"मला विचारलं असतंत तर आधीच सांगितलं असतं," वकील फणकारला.

आता ठराव मताला टाकणं भागच होतं. आणि मतं मागितल्यावर, ज्यांना नुसतं गप्प बसणं जमत होतं, त्यांतल्या काहींना सरांच्या तोंडावर 'नाही' म्हणणं जमेना. वेन्झेल बाईंनी सुस्कारा टाकून हात वर केला. चार विरुद्ध तीन, ठराव पास. नेलनंही दोन्ही हात वर केले, नाहीतरी मोजणार नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला व्हरांड्यात अडवलं. "घंटी अडकली होती?"

"हो, सर."

"खोटं."

"हो, सर."

"काल तू चारला परत आलीस. आज शाळा सुटल्यावर बस."

"सर! तुम्हीही चारलाच आलात!"

सरांनी कोट सारखा केला. "मी पण बसणारच आहे. चाळीस अर्ज छापायचेत. ये मदतीला."

सप्टेंबरात शाळेतच बारा नंबरच्या खोलीत कॉलेजचा वर्ग सुरू झाला. पहिल्या चाचणीत चाळीसांपैकी अकरा जण आपटले आणि कचेरीतला फोन खणखणू लागला. स्टकी सर एकेका आईला शांतपणे सांगत होते, "नाही हो बाई, हे कॉलेज आहे. मुलाच्या परवानगीशिवाय मार्क सांगता येत नाहीत. मुलालाच विचारा." आणि फोन ठेवला की दरवेळी खुर्चीत रेलून गुणगुणत.

इमेल्डा कशीबशी पास झाली. दोन दिवस तिनं नेलला येता-जाता शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवशी रसायनशास्त्राचाही अर्ज भरला.