एकेचाळीस मिनिटं बारा सेकंद

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. ताईची ती फिल्म खोटी नव्हती. खोटी असती तर माफी मागून मोकळी झाली असती बिचारी. पण तिच्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि खऱ्याची माफी मागायची कशी, हे दोन वर्षं तिला कळलं नव्हतं.

ताईची कंपनी म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि तीन माणसं. बंद पडलेली इस्पितळं, नळाला येणारं गढूळ पाणी, कागदावरच उभ्या राहिलेल्या शाळा, असल्या विषयांवर ते टीव्हीसाठी तास तासभराच्या डॉक्युमेंटरी करायचे. ना कुठल्या पक्षाचे, ना कुठल्या शेठचे. त्यामुळे हात कायम आखडते आणि मान कायम ताठ. ताई दिग्दर्शन करायची. कॅमेरावाला दिवसाला दहा शब्द बोलला तरी डोक्यावरून पाणी, म्हणून सगळे त्याला मौनीबुवा म्हणायचे. तिसरा संकलक. चित्रित केलेल्या ढिगातून कापून कापून फिल्म काढायची हे त्याचं काम, आणि बुवांच्या वाटचं बोलायचं हेही त्याचंच.

मुलाखतीत माणसाला बोलतं करण्याची ताईची एक रीत होती. प्रश्न संपले की ती वही मिटायची, चष्मा काढायची आणि म्हणायची, "झालं बरं का, सुटलात." बुवा खाली वाकून वायर गुंडाळल्यासारखं करायचे. कॅमेरा मात्र चालूच असायचा. त्याच्या लाल दिव्यावर काळी पट्टी चिकटवलेली असायची, त्यामुळे समोरच्याला पत्ता लागत नसे. मग ताई गप्प बसायची. माणूस सुटकेचा श्वास टाकायचा, पाणी प्यायचा, आणि तासभर जे गिळून बसलेला असायचा ते त्या गप्पपणात आपसूक ओकायचा. यात फसवणूक कसली, कागदावर सही आधीच घेतलेली असते, असं ताई म्हणायची. पाच मंत्री आणि दोन कारखानदार तिनं असे बोलते केले होते, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं म्हणा.

मग आली पादचारी पुलाची फिल्म. ती तिनं घ्यायला नको होती. पण घेतली.

तो पूल भर दुपारी कोसळला होता. तिघं गेली. त्यात एक नर्स होती, रात्रपाळी करून उशिरा घरी निघालेली, चोवीस वर्षांची. चौकशी झाली, अहवाल आला, दोष सगळा ठेकेदाराच्या माथी गेला, आणि ठेकेदार तर आधीच मरून गेलेला. सुंठीवाचून खोकला गेला, सगळ्या खात्याला हायसं वाटलं. त्या खात्यात पुलांची तपासणी करणारे पर्यवेक्षक होते ताईचे सख्खे मामा.

ताईचे वडील लवकर गेले. तिची शाळा, तिचे दात, तिची पहिली सायकल, सगळं मामांनी केलं. तिला ते चिमणी म्हणायचे, ती पन्नाशीला आली तरी. निवृत्त झाल्यावर कोणाही बातमीदाराला त्यांनी दारात उभं केलं नव्हतं. भाचीनं विचारलं, तेव्हा मात्र म्हणाले, ये, तुला नाही म्हणायला मी कोण.

मुलाखत अगदी भाकड झाली. मामा आपले "नियमाप्रमाणे", "नोंदवहीप्रमाणे" म्हणत राहिले. चाळीस मिनिटांनी ताईनं वही मिटली, चष्मा काढला आणि म्हणाली, "झालं मामा, सुटलात." सवय हो, दुसरं काय. खोलीत कोण बसलंय ते सवयीला दिसत नाही.

मामा पाणी प्यायले. गुडघ्यावर हात फिरवत म्हणाले, "चिमणे, शेवटच्या तपासणीला मी वर चढलोच नव्हतो गं. हा गुडघा धरला होता. खाली चौकीत बसून सही केली. दर वेळी ठीकच निघायचा पूल, म्हटलं आताही असेल."

ताईनं घड्याळात पाहिलं आणि मिटलेली वही मांडीवरच उघडून आकडा टिपला: एकेचाळीस मिनिटं बारा सेकंद. दिग्दर्शकाची खोड असते ही. कामाचं वाक्य आलं की वेळ टिपायची, म्हणजे संकलकाला शोधत बसायला नको. आणि आकडा टिपला तेव्हाच तिच्या डोक्यात फिल्म पुरी झाली. आधी तुटलेल्या पुलाचं दृश्य, मग हा चेहरा, मग काळा पडदा. मामा पुढेही काही बोलत होते. ती मान डोलवत होती, हो हो म्हणत होती, आणि तिनं काही म्हणजे काही ऐकलं नाही.

संकलकानं आकडा लावला, तीस सेकंद उचलले आणि पुढचं तसंच सोडलं. प्रक्षेपणाला चार दिवस उरले होते, श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तुकडा बघून तो हसत म्हणाला, ताई, तुम्ही तर मामालाच मामा बनवलंत. ताईही हसली. ते हसणं तिला नंतर फार महाग पडलं.

प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी तिनं मामांना फोन केला. त्यांनी विचारलं, काय काय ठेवलंस. ती म्हणाली, बघालच की. ती सहीची कबुली ठेवलीय, एवढं सांगायची तिची हिंमत झाली नाही. मोठ्या मोठ्या मंत्र्यांना तोंडावर विचारणारी बाई ती!

फिल्म गाजली. चौकशी पुन्हा उघडली. मामा स्वतः जाऊन सगळं कबूल करून आले, आणि त्यांच्या सहीखाली न बघता सही ठोकणाऱ्या दोन इंजिनियरांचीही नावं बाहेर आली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. ताईला ते ठाऊक होतं, मामांनाही होतं. त्यांनी तिला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त फोनवर "बोला ताई" म्हणायला लागले. ऑफिसातली माणसं म्हणतात तसं. केसानं गळा कापल्यावर माणूस ओरडला तर निदान कळतं तरी, पण हे तसं नव्हतं.

दोन वर्षांनी कंपनीच बंद करायची वेळ आली. वाहिन्यांना असल्या फिल्म नकोशा झाल्या होत्या. एका ग्रंथालयानं सगळं मूळ चित्रीकरण जपून ठेवायची तयारी दाखवली, अट एकच: प्रत्येक मुलाखतीत काय काय आहे त्याची शेवटपर्यंत यादी करून द्यायची. ताई सकाळपासून यादी करत बसली होती आणि बुवा फळ्या उतरवत होते. मामांची मुलाखत आली. तिला वाटलं वगळावी. मग वाटलं, आता आणखी किती पळणार.

एकेचाळीस बारा आलं आणि गेलं. पडद्यावर मामा क्षणभर थांबले आणि पुढे बोलू लागले.

"हे पहिल्यांदा तुलाच सांगतोय. तुझ्या मामीलाही माहीत नाही. चौकशीवाल्यांना मी सांगणारच आहे. पण त्याआधी त्या नर्सच्या आईला सांगायचंय, तिच्या दारात जाऊन. तिला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. एकट्याचा पाय उचलत नाही बघ. येशील माझ्याबरोबर?"

आणि मग ताईचाच आवाज, घाईतला, लांबून आल्यासारखा. "हो हो मामा, येईन की. जाऊ या आठवड्यात."

पडद्यावरचे मामा हसले. लहान मुलासारखे खुलले. मग बुवांचा हात आला आणि चित्र संपलं.

ताईनं तीनदा ते लावून पाहिलं. चौथ्यांदा लावायला गेली तेव्हा फळी खाली ठेवून बुवा म्हणाले, "माझ्या कानाला हेडफोन होता. मी ऐकलं होतं सगळं."

मग बोलला का नाहीत, असं तिनं विचारलं.

"तुम्ही हो म्हणालात ना. मला वाटलं, जाऊन आला असाल." एवढं बोलून बुवा परत फळीकडे वळले. 

त्याच दुपारी ती मामांकडे गेली. मामी दार उघडून आत निघून गेली. मामा खिडकीपाशी बसले होते, दुखरा पाय स्टुलावर ठेवून. ताईनं एका दमात सगळं सांगितलं. आज ऐकलं मामा, तेव्हा ऐकलंच नव्हतं. चला, आत्ता जाऊ त्या बाईंकडे, मी येते.

मामा म्हणाले, "आठवडाभर मी रोज संध्याकाळी कपडे घालून बसायचो. तू म्हणाली होतीस ना, या आठवड्यात. मग टीव्हीवर लागलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या नर्सची आईच दारात आली. म्हणाली, जगाला सांगितलंत, मला सांगवलं नाही होय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? तुझं नाव सांगू? आता मी जाऊन काय बोलू, ताई. सांगायचं होतं ते एकच होतं, ते सांगून झालं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईनं त्यांचे पाय धरले असते. तिनं फक्त त्या बाईचा पत्ता विचारला. मामांनी तो पाठ असल्यासारखा सांगितला, घराच्या रंगासकट, पायऱ्यांसकट.

ती बाई शिवणकाम करायची. गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून तिनं दार उघडलं, ताईला ओळखलं, आणि काहीच बोलली नाही. ताईही उभी राहिली. आयुष्यभर तिनं समोरच्याला आधी बोलायला लावलं होतं, गप्प बसायच्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण इथे तिला चार श्वाससुद्धा धीर धरवला नाही. मामा तुमच्याकडे येणार होते, तिनं सांगितलं. टीव्हीच्या आधीच. मला बरोबर बोलावत होते. मी हो म्हटलं, आणि ऐकलंच नाही. जगाला त्यांनी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं.

बाई दाराच्या चौकटीला टेकली.

"येणार होते," ती म्हणाली. "आणि मी त्यांच्या दारात उभी राहून त्यांना भित्रा म्हणाले. आजूबाजूची माणसं ऐकत होती. मान खाली घालून ऐकून घेतलं हो त्यांनी."

ती टेप बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मग तिनं ताईकडे पाहिलं. टोचून बोलायचं म्हणून नाही, खरोखर कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"तुमचं तर कामच ना ते, माणसांचं ऐकायचं?"

ताईनं मान हलवली. हो, तेच काम होतं.