तुकाबाईचं नाक

बोक्यानं मरळीचा तुकडा हुंगला, शेपटी उंच केली आणि सरळ उंबऱ्यावर जाऊन झोपला. तुकाबाई चुलीपुढं उकिडवी बसून बघत राहिली. धुरीचा मासा नको म्हणणारं मांजर तिनं साठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

"खा की मेल्या," ती म्हणाली. बोक्यानं फक्त कान हलवला.

तिनं तुकडा उचलून उजेडात उलटापालटा करून पाहिला. याच मरळींचा डबा घेऊन तिचा नवरा सोनबा सकाळी सातच्या एसटीनं आळेफाट्याला गेला होता. त्यांची लेक हिरा तिथं सासरी बाळंतीण होती. पोर दीड महिन्याची झाली तरी हिराला पुरेसं दूध येईना, म्हणून तिनं निरोप धाडला होता, आईच्या हातचे धुरीचे मासे पाठवा.

येडगाव धरणाच्या कडेच्या त्या वस्तीत तुकाबाईचं नाक म्हणजे सरकारी शिक्का. दूध नासणार की टिकणार, मासा आजचा की कालचा, हे ती दारातूनच सांगायची. सोनबानं मेंढरं विकून जाळं हाती धरलं, तेव्हापासून घरात मासे धुरवायचं काम तिचंच. मासा उभा चिरायचा, मीठ-हळद चोळून चुलीवरच्या तारेच्या जाळीवर पसरायचा, खाली बाभळीच्या ढलप्या धुमसत ठेवायच्या. जाळ होऊ द्यायचा नाही. दोन दिवसांनी ती नाक जवळ न्यायची आणि म्हणायची, "झाला." तिनं झाला म्हटल्याशिवाय सोनबा हात लावत नसे.

गेल्या कार्तिकात ती पंधरा दिवस तापानं पडली. ताप गेला, पण जाताना वासही घेऊन गेला. तेव्हापासून तिला ना धूर कळे, ना फोडणी. ती कुणाला बोलली नाही. वस्तीत तिचं नाव ज्या नाकामुळं होतं, ते गेलं म्हणजे बाईचं नाकच गेलं की. मग शेपटी कट्‌कन मोडली की मासा झाला, असं ती मनाशी ठरवायची आणि जाळीपुढं नाक नेऊन खोटंच "झाला" म्हणायची.

आता त्या खोट्याचा डबा बाळंतिणीच्या पोटात गेला होता.

ती तशीच वारूळवाडीला धर्माजीच्या दुकानात गेली. जावई सोपान आळेफाट्याला गॅरेजात कामाला होता. तिथला नंबर धर्माजीनं फिरवला आणि फोन तिच्या हाती दिला.

"सोपान न्हाई," पलीकडचा माणूस म्हणाला. "घरची समदी दवाखान्यात गेल्यात. म्हाताऱ्यालाबी नेलंय."

"कशापायी?"

"ते काय ठावं नाय बुवा."

तिनं फोन ठेवला. धर्माजीनं तिला आळेफाट्याच्या जीपमध्ये बसवून दिलं. त्या सबंध रस्त्यात तिनं देवाला एकच गोष्ट सांगितली, नाक घेतलंस ते घेतलंस, पोरीला काही करू नकोस.

हिराचं दार उघडं होतं. आत सोनबा चहा फुर्र करून पीत होता. हिरा मांडीवर पोर घेऊन बसली होती. विहीण साळुबाई डब्याच्या तळातली शेवटची शेपटी चघळत होती.

"तू कशी आलीस गं?" हिरा म्हणाली.

"दवाखान्यात गेला व्हता ना तुमी?"

"पोरीचा लशीचा डोस व्हता आज. आण्णाला छत्री धराया नेलं," हिरा बापाकडं बघत म्हणाली.

तुकाबाई दारातच बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. पाणी उन्हामुळं आलं, असं ती म्हणाली.

"इहीणबाई, मासा लई ग्वाड झालाय," साळुबाई म्हणाली. "तुमच्या नाकाला तोड नाय."

"आणि आता हिचा वास घे," म्हणत हिरानं पोर पुढं केली. "टाळूचा. सांग कसा येतो."

तुकाबाई थिजली. हात पुढं होईनात. सोनबानं कप खाली ठेवला आणि मधेच पोर उचलली. टाळूला नाक लावून तो बराच वेळ तसाच राहिला.

"ताज्या लोण्याचा," तो म्हणाला. "आन् खाली जरासा वेखंडाचा. हाय का न्हाई गं?" त्यानं पोर तिच्या हातात दिली.

तिनं टाळूवर नाक टेकलं. ऊब कळली. बारीक जावळ नाकाला लागलं.

"हाय," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर तिनं विचारलं, "कवापास्नं ठावं हाय तुमाला?"

"दूध करपलं त्या दिशी. तू चुलीम्होरंच बसली व्हतीस."

"मंग बोलला न्हाई?"

"तू तरी कुठं बोललीस?"

 ती म्हणाली, "बोक्यानं आज तुकडा हुंगून टाकला. माझा जीवच गेला."

"त्याला पहाटंच आख्खी मरळ घातली व्हती. त्यानं खाल्ली, मंग मी दुसरीचा वास घेतला, तुकडा खाल्ला, मंगच डबा बांधला. दर टायमाला तसंच करतो."

कार्तिकापासून तो तिचं नाक सांभाळत होता, आणि वस्तीला पत्ता नव्हता. तुकाबाईनं पदर तोंडावरून फिरवला. आळेफाट्याचे मळे मागं पडत होते.

"आजून एकदा सांगा," ती म्हणाली. "पोरीच्या टाळूचा कसा येत व्हता?"

सोनबानं पटका सारखा केला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.