फोटोखालचं नाव

उमरेडच्या विणकरांच्या लढ्यावरचं अनंत मुळे सरांचं पुस्तक सहा वर्षांनी पुरं झालं. नागपुरात प्रकाशन होतं. सिंधूताई पराते येतील असं त्यांना वाटलं नव्हतं. पण सून जयाला घेऊन त्या एसटीने आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

सूत महागलं तेव्हा बायकांचा मोर्चा सिंधूताईंनी काढला होता आणि त्यापायी नऊ दिवस तुरुंगवास भोगला होता. चार दिवस घरी जेवू घालून त्यांनी सरांना सगळं सांगितलं होतं. पण जुन्या वर्तमानपत्रांत एकाही बाईचं नाव नव्हतं. निरक्षर म्हातारीच्या आठवणींवर विद्वान लोक हसतील, या धास्तीने सरांनी तो भाग गाळला. 'स्त्रियांनीही साथ दिली', एवढंच वाक्य ठेवलं.

जयाने पुस्तकाची पानं उलटून सासूचा फोटो शोधला. "खाली 'विणकर स्त्री' लिहिलं आहे, आई."

"अन् माह्यं नाव?"

"नाही."

सिंधूताईंनी समोर उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. "काहून जी सर?"

"छापखान्याची चूक," सर म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"होते जी. छापणाऱ्यावर रागावू नका."

मग भाषणं झाली. 'सरांनी मुक्यांना वाचा दिली,' असं पाहुणे म्हणाले तेव्हा सिंधूताईंनी टाळ्या वाजवल्या. सरांना मान वर करवेना. बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी आभार मानले आणि खाली बसले.

पाचव्या दिवशी ते उमरेडला गेले. सिंधूताई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"छापखान्याची चूक नव्हती, ताई. मीच गाळलं. तुमचं कोणी खरं मानणार नाही असं वाटलं."

"मले तेव्हाच समजलं."

"मग बोलल्या का नाहीत?"

"चार लोकांत तुमचा पानउतारा कायले करू? जेवले होते न तुम्ही माह्या घरी."

सरांचे कान तापले. दुसऱ्या आवृत्तीत तुमचं नाव नक्की घालतो, असं ते घाईघाईने म्हणाले.

"माह्या एकटीचं नको. सतरा जणी होतो आम्ही तुरुंगात. बाकीच्यांचं तुम्ही इचारलंच नाही."

खरंच विचारलं नव्हतं. सरांनी वही काढली.

"लिहा," सिंधूताई म्हणाल्या. "लहानूबाई. तिचं पोरगं दोन महिन्यांचं होतं."