शिवून टाकलेला पाठराखा

मित्रांनो, मी एक जुना पाठराखा आहे. दुकानात मला बॅक प्रोटेक्टर म्हणतात. मोटारसायकल चालवणाऱ्याच्या जॅकेटला आतून, बरोबर पाठीवर, एक खिसा असतो. तिथे माझी जागा. जन्मभर कुणाच्या तरी पाठीमागे राहायचं आणि तोंड कधी दाखवायचं नाही, हाच माझा धंदा. त्यामुळे आज कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर मी चार शब्द जास्त बोललो, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं असलेला जाड फोम साच्यातून काढला, वर कापडाची खोळ चढवली आणि मला पिशवीत घातलं. माझ्या जातीचे आम्ही एकच मोठं काम करतो. माणूस पाठीवर आपटला की तो मार आपल्या अंगात जिरवून घेतो. आमचा फोम चिरडला जातो आणि त्याची पाठ वाचते. पण हे आम्हाला एकदाच जमतं. एकदा चिरडलो की दुसऱ्या वेळेला द्यायला आमच्यात काही उरत नाही. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

मला विकत घेतलं ते एका मुलाने. घरात त्याला दादा म्हणायचे, म्हणून मीही दादाच म्हणतो. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि मोटारसायकलवरून तपासणीच्या लॅबमध्ये पोचवायचे, अशी त्याची नोकरी होती. जॅकेटमध्ये फुकट मिळालेल्या पातळ तुकड्यावर तो खूश होता. दुकानदाराने हसून सांगितलं, की हा तुकडा फक्त खिसा भरायला असतो, पाठ वाचवायला नाही. मग त्याने दादाची पाठ टेपने मोजली. दादा ताडमाड, पण सगळी उंची पायांत, म्हणून त्याला मोठ्या मापाचा नाही तर मी, मधल्या मापाचा, बसलो. दुकानदाराने त्याला जॅकेट घालून दुकानातल्या गाडीवर बसवलं, पुढे वाकवलं, मान वळवायला लावली. मी हेल्मेटला लागत नव्हतो, खाली बोचत नव्हतो आणि जागचा हलत नव्हतो. पैसे घेताना दुकानदार म्हणाला, मोठा मार बसला की हा बदलून न्या. दादा तेव्हा फोनवर होता. त्याने नुसती मान हलवली.

दादाने मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. जॅकेट धुवायच्या आधी तो मला बाहेर काढायचा, ओल्या फडक्याने पुसायचा आणि सावलीत वाळत घालायचा. पेट्रोलचा हात मला कधी लावला नाही. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू!

मग एका सकाळी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीचं दार अचानक उघडलं. दादा उडाला आणि फुटपाथच्या कडेवर पाठीवर आपटला. तो क्षण मी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तोच होता. कड माझ्यात घुसली, माझा फोम चिरडला, आणि मी तिला पुढे जाऊ दिलं नाही. दादाचं खांद्याजवळचं हाड मोडलं. पाठीला मात्र मुका मार लागला, तेवढंच.

दवाखान्यात दादाच्या आईने जॅकेट छातीशी धरलं आणि ती खूप रडली. येईल त्या नातेवाइकाला सांगू लागली, की माझ्या पोराला याने वाचवलं, हा आमचा पाठराखा आहे. हे नाव तिनेच मला दिलं. मला ते आवडलं. त्या कौतुकात मी सुद्धा विसरलो, की आता माझं काम संपलं आहे.

जॅकेट कपाटात गेलं आणि मी त्याच्या खिशात तसाच राहिलो. दादाने लॅबमध्येच टेबलाचं काम घेतलं आणि पुढे लग्न होऊन तो वेगळा राहू लागला. कपाटात अंधार होता, पण ऐकू सगळं येत होतं. घराच्या पुढच्या खोलीत आईचं दुकान होतं. ती गाड्यांच्या सीटा आणि सोफ्याची कुशनं नव्याने भरून शिवायची. गिऱ्हाईक जुनं कुशन घेऊन आलं, की ती आधी त्यात अंगठा रोवायची. कुणी नवा फोम घालायला का कू करू लागलं, की तिचं ठरलेलं उत्तर असायचं, ‘फोम एकदा बसला की बसला. तुम्ही कितीही थोपटा, तो उठायचा नाही.’ हे ऐकलं की मला वाटायचं, बाई, ते कपाट उघड आणि तोच अंगठा एकदा माझ्यावर ठेव.

कपाट उघडलं, पण निराळ्याच कारणाने. दादाची धाकटी बहीण त्याच लॅबमध्ये, त्याच कामावर लागली.  आईने एकच अट घातली.

‘पाठराखा पाठीवर असेल तरच गाडीची चावी मिळेल.’

तिने जॅकेटच्या बाह्या आणि कुशी आवळून ते धाकटीच्या अंगाचं केलं. मला मात्र तिने बाहेर काढलं नाही. मी हलू नये म्हणून सीटच्या जाड दोऱ्याने खिशाचं तोंड शिवून टाकलं. दिवसाला दहा कुशनं चाचपणाऱ्या त्या बाईने मला एकदाही दाबून पाहिलं नाही. जे आपल्या लेकराला वाचवतं, त्याची परीक्षा काय घ्यायची, असं तिला वाटलं असेल.

मित्रांनो, माझे वाईट दिवस तिथून सुरू झाले. मी शिवला गेलो होतो. जॅकेटबरोबर मलाही गरम पाण्यात बुचकळायचे आणि भर उन्हात गच्चीवर टांगायचे. धाकटीची पाठ आखूड, त्यामुळे ती सीटवर बसली की मी वर सरकायचो आणि तिच्या हेल्मेटला मागून टोचायचो. हे सगळं मी सोसलं असतं. पण ती पोरगी माझ्या जिवावर गाडी दामटायची. दोन बसच्या फटीतून घुसायची, वळणावर वेग कमी करायची नाही. मैत्रिणीने टोकलं तर हसून सांगायची, की माझ्या पाठीवर दादाचा पाठराखा आहे. मी तिच्या पाठीला चिकटून जीव मुठीत धरून बसायचो. ओरडावंसं वाटायचं, की अगं, मी आतून रिकामा आहे. पण मला ना तोंड, ना हात. रोज निघताना आई माझ्यावरून हात फिरवायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी धाकटी मान चोळत घरी आली. हेल्मेट मागून ढकललं जातं, म्हणून कुरकुर करू लागली. आई म्हणाली, दे इकडे, जरा खाली सरकवते. तेवढ्यात लॅबचा फोन आला, तातडीचा नमुना आणायचा होता. धाकटी दारात हेल्मेट घालून उभी राहिली. आईने घाईघाईने टाके उसवले, मला बाहेर ओढलं आणि हातात धरताच तिचा अंगठा सवयीने माझ्यात रुतला.

कडेला मी तिचा अंगठा परत ढकलला. मध्ये आला तेव्हा तो सरळ आत गेला आणि तिथेच राहिला.

तिने पुन्हा दाबून पाहिलं. मग खोळ उसवली. आतल्या फोमचा दादाच्या मणक्याच्या रेषेवर चुरा झाला होता. आईने मला जमिनीवर ठेवलं. धाकटी म्हणत होती, ‘आई, उशीर होतोय. आजच्यापुरता तसाच दे ना.’

‘इतके दिवस मी तुला उघड्या पाठीने पाठवत होते,’ आई म्हणाली. तिने गाडीची चावी ब्लाउजमध्ये खोचली, आणि मगच तिला रडू फुटलं. धाकटीने खाली बसून स्वतःचा अंगठा माझ्यावर ठेवून पाहिला. मग तिने हेल्मेट काढलं आणि लॅबला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात गेल्या. धाकटीची पाठ मोजली, तिला गाडीवर बसवून पाहिलं आणि लहान मापाचा नवा पाठराखा आणला. संध्याकाळी दादा आला. त्याने मला उचललं, बराच वेळ हातात धरलं. आठवण म्हणून राहू दे, असं तो म्हणत होता.

‘घरात राहिला तर उद्या कुणाच्या तरी पाठीवर जाईल,’ आई म्हणाली. तिने फोम कापायची सुरी घेतली आणि माझे उभे दोन तुकडे केले. मित्रांनो, मला दुखलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोकळं वाटलं.

आता मी दुकानातल्या कातरणांच्या पोत्यात आहे. भंगारवाला आला की जाईन. त्याआधी एवढंच मागणं आहे. ज्याने तुम्हाला वाचवलं त्याचे उपकार जरूर माना, पण त्याला पुन्हा कामाला जुंपू नका. आपल्या मापाचा पाठराखा घ्या, मधूनमधून दाबून पाहा, आणि त्याने एकदा मार खाल्ला की त्याला सुटी द्या.

सकाळी धाकटी निघाली तेव्हा पोत्यात मला गाडीचा आवाज ऐकू आला. गाडी कोपऱ्यावर वळली आणि आवाज लांब गेला. ती माझ्याशिवाय गेली होती, आणि मला तिची काळजी वाटली नाही.