दुप्पट केलेला नकाशा

भूगोलाच्या नव्या बाई मला आवडत नव्हत्या. कारण सरळ आहे. माझ्या पोरीला त्या फार आवडायच्या.

मी त्याच शाळेत शिपाई. त्याआधी अकरा वर्षं जमीन मोजणाऱ्यांची साखळी ओढली, उन्हातान्हात. उत्तर कशी धरायची, उत्तरेपासून दिशाकोन कसा मोजायचा, किती पावलांत किती मीटर, सगळं मुंगीला मीच शिकवलं. मुंगी म्हणजे माझी पोरगी, सहावीत आहे. मी शिकवायचो तेव्हा जांभया द्यायची. आता तेच मला जेवताना ऐकवते.

"बाबा, बाई म्हणतात, होकायंत्राजवळ लोखंड नेऊ नये."

"मग मी इतकी वर्षं काय म्हणत होतो?"

"हो, पण बाई नीट सांगतात."

घास घशात अडकला. बायकोनं तांब्या पुढे केला, "पाणी प्या. जळजळीवरही तेच औषध."

गुरुवारी बाई ऑफिसात आल्या. वहीच्या पानावर शाळेच्या आवाराचा नकाशा, स्वतः काढलेला. चांगला होता, खोटं कशाला बोलू? खाली अक्षरांत लिहिलेलं: एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर.

"मामा, याच्या दुप्पट मोठ्या आठ प्रती काढून द्याल? उद्या पोरांना मैदानात खुणा शोधायला लावणार आहे."

नकाशा दुप्पट केला की त्यावरचे तीन सेंटिमीटर सहा होतात. खालचं वाक्य मात्र जागचं हलत नाही. जिथं तीस मीटर चालायचं तिथं पोरं साठ मीटर चालणार. अशी चूक शिकलेला माणूसच करतो, साखळी ओढलेला नाही. शब्द ओठांपर्यंत आले. 'बाई नीट सांगतात' आठवलं. गिळले. झेरॉक्सचं बटण दाबलं.

शुक्रवारी मी खिडकीत उभा, फुकटचा तमाशा बघायला. कोन काही मोठे होत नाहीत, त्यामुळे पोरं निघाली बरोबर दिशेला आणि पोचली भलतीकडे. एक टोळी सायकलींत घुसली. दुसरी कुंपणाच्या भिंतीला भिडली.

"बाई, अजून वीस मीटर उरलेत. भिंत पाडू?"

मुख्याध्यापक व्हरांड्यात येऊन उभे राहिले. बाई नकाशा उलटासुलटा करत होत्या, कानापर्यंत लाल. मला बरं वाटत होतं. फार बरं.

मुंगी चाललीच नव्हती. फाटकापासून नळापर्यंत पन्नास पावलं, तीस मीटर, हे मी तिच्याकडून शंभरदा मोजून घेतलंय. तिनं नकाशावर पट्टी ठेवली.

"बाई, इथं सहा सेंटिमीटर भरतंय. नकाशा मोठा झालाय. एका सेंटिमीटरला पाचच मीटर धरा."

बाईंनी कपाळावर हात मारला. "चूक माझी, मुलांनो. खाली नुसतं लिहिण्याऐवजी मोजपट्टी काढली असती, तर तीही नकाशाबरोबर वाढली असती. मुंगी, हे तुला कुणी शिकवलं गं?"

मी खिडकीबाहेर अर्धा वाकलो. घे नाव. सगळ्यांसमोर घे.

तिनं वर पाहिलं. थेट माझ्याकडे.

"कुणी नाही, बाई. असंच सुचलं."

घरी विचारल्याशिवाय राहवलं नाही. "माझं नाव घ्यायला लाज वाटली?"

"घेतलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, मामांना एवढं कळतं तर प्रती काढताना बोलले का नाहीत?" ती भाकरी मोडत म्हणाली. "मग मी काय सांगायचं होतं, बाबा?"

घास पुन्हा अडकला. या वेळी बायकोनं तांब्या पुढे केला नाही.