चढाखालचा फोन

"गाडी नव्हती ती, रणज्या. पाय होता माझा. अन् मी चार दिवस लेकीच्या गावी काय गेलो, तू माझा पायच खोलून टाकला?"

"खोलला न्हाई, बा. मोठा बसवला."

"कोणाला इचारून?"

"इचारलं असतं तर तुमी न्हाईच म्हणले असते."

रतनसिंगनं कुबडी अंगणात आपटली. तांड्यावरची माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली. मधोमध स्कूटी होती. पुढून तीच जुनी, आकाशी, मागं दोन्ही अंगांना आधाराची चाकं. पण सीटखाली आता एका थोराड स्कूटरचं इंजिन बसलं होतं आणि सगळी स्कूटी मागून फुगल्यासारखी दिसत होती.

रतनसिंगचा डावा पाय लहानपणच्या तापात वाळला. सेनगावात त्याचं शिलाईचं दुकान. सकाळी तांड्याचा उतार उतरून जायला काही अडचण नव्हती. अडायचं ते संध्याकाळी. चढाच्या पायथ्याला लिंबाजवळ आलं की स्कूटीचा आवाज बारीक व्हायचा, मग रडवेला, मग बंद. रतनसिंग कधी कोणाला 'ढकला' म्हणाला नाही. तो खिशातून फोन काढायचा, कानाला लावायचा आणि काही महत्त्वाचं बोलत असल्यासारखा उभा राहायचा. येणारं-जाणारं माणूस आपणहून हात लावी. कधी बाबूसिंग, कधी ढोरं वळून आणणारी पोरं. सगळ्यात जास्त धुरपताबाई. ती डोक्यावरचं ओझं लिंबाखाली ठेवायची, स्कूटी वर नेऊन द्यायची आणि ओझ्यासाठी पुन्हा खाली उतरायची.

रणजीतची नजर घारीची. दहावीच्या साली सरांशी भांडून त्यानं शाळा सोडली ती सोडलीच, पण गाडी नुसती समोरून गेली तरी तिचं दुखणं त्याला कळायचं. सेनगावातल्या गॅरेजातून तो एक दिवस लवकर सुटला. लिंबाजवळ बाप फोनवर बोलत होता, "व्हय, व्हय, उद्या देतो शिवून." आणि बोलता बोलता तोच फोन त्याच्या कानात वाजला.

रणजीत दहा पावलं मागं होता. तो खाली बसला, चपलेतला नसलेला खडा काढत राहिला. बापानं फोन खिशात घातल्यावरच उठला.

त्याच आठवड्यात गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं इंजिन त्यानं मागितलं. विकास मेस्त्री हसून हसून खाली बसला.

"अबे, ह्या एवढ्याशा स्कूटीत? करडाच्या पोटात म्हैस घालून राहिला का?"

"बसते. तुमी निस्ती वेल्डिंग करून द्या."

"चेसिस फाटंल."

"पट्ट्या मारू दोन्हीकून."

इंजिनाचे बोल्टाचे कान चेसिसला जुळेनात, म्हणून लोखंडी पट्ट्या आल्या. बाजूची चाकं घासायला लागली, म्हणून त्यांची चौकट मागं सरकली. वायरी सगळ्या नव्यानं ओढाव्या लागल्या. चार दिवस पोरगं नीट जेवलं नाही. आणि आता बाप अंगणात उभा राहून विचारत होता, कोणाला इचारलं.

"आधी बसून तर बघा," रणजीत म्हणाला.

रतनसिंगची बसायची एक रीत होती. स्कूटीकडं पाठ करायची, कंबर सीटला लावायची, हँडल धरायचं आणि घसरत वर जायचं. त्यानं पाठ केली. सीट कमरेच्या वर लागली. त्यानं जोर केला, घसरला. पुन्हा जोर केला. पुन्हा घसरला.

समोरच्या दारातून हिरासिंग ओरडला, "रतन्या, शिडी आणू का रं?"

रणजीत पाना घेऊन त्याच्यावर धावला. रुक्माबाईनं मधी येऊन लेकाचा दंड धरला.

"काकाच्या अंगावर जातो व्हय? ठेव ते खाली!"

त्यानं पाना भिरकावला. इंजिन मोजलं होतं, चाकं मोजली होती. बाप मोजायचा राहिला होता.

तो घरात गेला आणि विळा घेऊन बाहेर आला. कोणाला कळायच्या आत त्यानं सीटच्या कव्हराला विळा घातला, टरकन फाडलं आणि आतला फोम कापायला लागला.

"आरं येड्या!" रुक्माबाई ओरडली. "होतं ते बी घालवून राहिलास!"

रतनसिंग कुबडी टेकत आला, खाली पडलेलं कव्हर उचललं, फाटलेली कड बोटावर घेऊन बघितली.

"कापड असं फाडतेत व्हय? शिवण उसवायची असते."

तो ओट्यावरच्या मशीनवर जाऊन बसला. उजव्या पायानं पायडल हलवून बघितलं, सुईत जाड दोरा ओवला. कव्हराची फाटकी कड सुईखाली सरकवली. मग मान वर न करता त्यानं विचारलं,

"किती उंच झाली होती?"

"चार बोटं."

"फोम किती काढला?"

"तीन. लई काढला तर खालचा पत्रा टोचंल तुमाला."

"अन् चौथं बोट?"

रणजीत मागच्या चाकाशी वाकला. "शॉकअप खालच्या भोकात घेतो."

"घे मग. मागून जरा उभार ठेवतो मी. पाठीला टेका पायजे."

शिवलेलं कव्हर चढलं. रतनसिंगनं पाठ केली, कंबर लावली, हँडल धरलं आणि एका घसरणीत वर गेला. समोरच्या दारात हिरासिंग होताच, पण त्याचं तोंड बंद होतं.

"मागं पळायचं न्हाई," रतनसिंग लेकाला म्हणाला. "अन् कोणी हात लावायचा न्हाई."

तो उतारावरून खाली गेला. लिंबाजवळ वळला. रणजीत वरच्या दगडावर उभा राहिला, अंगठ्याचं नख दातात धरून. स्कूटी चढाला लागली. जिथं आवाज बारीक व्हायचा तिथं तो जाड झाला. जिथं रडवेला व्हायचा तिथं इंजिन घशात खाकरल्यासारखं झालं आणि वर आलं. हिरासिंगच्या दारावरून गेलं. स्वतःच्या दारावरूनही गेलं. रतनसिंग तांड्याच्या शेवटच्या घरापर्यंत गेला, तिथून वळला, सावकाश परत आला, अंगणात ब्रेक दाबला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"हॉर्न लय बारीक हाय," तो म्हणाला. "इंजिन एवढं मोठं अन् आवाज चिमणीचा. लोकायला कळायचं कसं?"

रणजीत घरामागं गेला आणि रांजणाजवळ हात धूत बसला. हातांचं ऑइल कधीच निघालं होतं, तरी धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोठा हॉर्न आणून बसवला. त्यानंतर रोज संध्याकाळी चढावरून हॉर्न वाजत यायचा. गरज नसताना वाजायचा. रुक्माबाई चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणायची, "आला बघ तुझा बाप, साऱ्या मुलखाला सांगत."

आणि मग एका संध्याकाळी तो वाजला नाही.

रणजीत दगडावर आला. खाली लिंबाजवळ आकाशी ठिपका उभा होता. शेजारी नाही, वर बसलेलाच बाप. कानाला फोन.

"बसलं वाटतं तुझं इंजिन," हिरासिंग मागून म्हणाला.

रणजीतनं पाना उचलला आणि धावत सुटला. पट्टीचा टाका तुटला असंल. बेल्ट गेला असंल. का कार्बोरेटरमधी कचरा? पायाखालची खडी निसटत होती. बापानं तोच फोन काढला होता, पुन्हा, आणि तो काढायला लावणारं इंजिन रणजीतच्या हातचं होतं.

जवळ आला तेव्हा धापेनं बोलता येईना.

"बा, बेल्ट गेला का?"

रतनसिंगनं तळवा दाखवून त्याला गप्प केलं. अंधारून आलं होतं. फोनचा उजेड त्याच्या गालावर पडला होता.

"आगं ये की बिनघोर," तो फोनात म्हणत होता. "मी हाय उभा. डबा डोक्यावर कामून घेतलास? पुढं ठेवू आपण."

वळणावरून धुरपताबाई आली. एका हातात फोन, डोक्यावर दळणाचा डबा.

"किती डाव लावतो रं हा फोन!" ती रणजीतला म्हणाली. "म्हणते येते पायी, तर ऐकूनच न्हाई राहिला."

तिनं डबा खाली ठेवला आणि सवयीनं स्कूटीच्या मागं जाऊन दोन्ही हात लावले.

"ढकलू नको, धुरपते. बस."

तिनं हात काढले. पदरानं सीट पुसली, पुसलेली असूनही, आणि एका अंगानं जपून बसली. डबा बापाच्या पुढ्यात गेला.

"ब्रेक बराबर हायेत ना रं, पोरा?"

"हायेत, काकी."

मागून बाबूसिंग पेंडीचं पोतं खांद्यावर घेऊन येत होता. "अन् मी?"

"दुसऱ्या खेपेला," रतनसिंग म्हणाला. "बस तिथं लिंबाखाली."

रणजीत अजून समोरच उभा होता, हातात पाना, छाती खालीवर होत असलेली. बापानं फोन खिशात घातला, इंजिन चालू केलं आणि त्याच्याकडं बघितलं.

"सरक की बाजूला. निघायचंय मला."