दोन बार ऐकू येण्याआधी

शिंग माझ्या गळ्यात अडकवताना ओविदने मला तीनदा बजावलं. एकोणीस वर्षं माझ्याशी संसार केलेला माणूस मला एखादी गोष्ट दोनदा सांगायलाही बिचकतो. पण त्या दुपारी त्याने तीनदा सांगितलं.

"बंदुकीचे दोन बार ऐकू आले की मगच फुंकायचं. एक आला तर नाही. एक बार सापासाठीही असू शकतो."

"मी काय काल आलेय या घरात?"

"काल आलेली असतीस तर निमूट ऐकलं असतंस," तो म्हणाला आणि घोडीवर चढला.

वादळ पहाटे किनाऱ्याला लागणार असं रेडिओ सकाळपासून ओरडत होता. आमच्या या दलदलीच्या मुलखात वाऱ्याच्या आधी पाणी येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून आदल्या दिवशीच आम्ही सगळी गुरं खालच्या गवतातून वर टेकाडावर आणून ओकच्या झाडांखालच्या वाड्यात कोंडली होती. टेकाड म्हणजे तरी काय, समुद्राने कधीकाळी टाकलेली शिंपल्यांची लांबट पाठ, दोन पुरुष उंच. पण तेवढंच काय ते आमचं कोरडं जग. दुपारी वाऱ्याने शेडचा पत्रा उचकटला आणि नेमका गुरांच्या मधोमध आणून आपटला. एका क्षणात फळ्या मोडल्या. साठ गुरं जुन्या बांधावरून धावत सुटली ती परत खाली, जिथे जन्मली त्याच गवतात. जनावरांना वादळ आधी कळतं म्हणणारा कोणी तेव्हा भेटला असता, तर मी त्याला आमच्या गुरांच्या शेपट्या दाखवल्या असत्या.

त्यांना आणायला ओविद निघाला होता आणि त्याच्यासोबत आमची पाच कुत्री. ठिपक्याठिपक्यांची, काचेसारख्या फिक्या डोळ्यांची. आमची कुत्री गुरांना मागून हाकत नाहीत. ती पुढे जाऊन तोंडावर भुंकतात, भोवती फिरतात, चिडवतात. गुरं एकमेकांना चिकटून, शिंगं बाहेर काढून उभी राहतात. सगळा कळप असा एका जागी गोळा झाला की इकडे टेकाडावरून शिंग फुंकायचं. शिंग ऐकलं की कुत्री सगळं सोडून आवाजाकडे पळत सुटतात आणि पिसाळलेली गुरं त्यांच्या मागे. कुत्री फाटकातून आत शिरून समोरच्या फळीखालून बाहेर पडतात, गुरं आत राहतात. माझा बाप असंच करायचा, त्याचा बापही. यात एकच गोष्ट सांभाळायची असते. शिंग वाजतं तेव्हा तिकडचा माणूस घोड्यावर हवा आणि गुरांच्या वाटेतून बाजूला हवा. दोन बार म्हणजे तेवढंच सांगणं, की मी बाजूला आहे, आता फुंक.

"तेतूला ठेव की घरी," मी ओविदला म्हटलं होतं.

तेतू आमचा सगळ्यात म्हातारा कुत्रा आणि माझा जन्माचा वैरी. हाक मारली तर ढिम्म. उंबऱ्यात आडवा पसरणार आणि पाय पडेपर्यंत हलणार नाही. शिंग वाजलं तरी आधी बाकीच्यांकडे बघणार आणि मग शेवटी, उपकार केल्यासारखा निघणार. ओविदने मात्र टोपी काढून नुसती हलवली की हा मैलभरावरून धावत यायचा. तीन वर्षं मी ओविदच्या मागे लागले होते, की हा माजोरडा कुत्रा शहरातल्या कुणाला तरी देऊन टाक.

"तोच लागेल आज," ओविद म्हणाला. "लालीसाठी."

लाली ही आमची तांबडी गाय. पाच दिवसांपूर्वी व्यालेली. व्यालेली गाय कुत्र्याला कुत्रा समजत नाही, वासरू खायला आलेला लांडगा समजते. त्यात लाली मुळातच मारकी, तिने वसंतात ओविदला कुंपणावर चढवलं होतं. पण वासरू तिच्यासोबत खालीच होतं, आणि त्याला सोडून लाली वर येणार नव्हती.

ओविद अडीचला गेला. फाटकाची साखळी धरून अल्सीदकाका बसले होते. ओविदचे सख्खे काका, वय शहात्तर, अंतर्गळाचा पट्टा पोटाला आवळलेला. मी बांधाच्या तोंडाशी उभी होते.

थोड्या वेळाने दूरवर भुंकणं सुरू झालं. आधी विखुरलेलं, मग हळूहळू एका जागी.

"गोळा झाली," काका म्हणाले. "आता दोन बार येतील बघ."

बार आले नाहीत.

मी बांधाकडे बघत होते. बांधावर गाडीच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या आहेत. त्या आधी नुसत्या ओल्या होत्या. मग चमकायला लागल्या. मग त्यांच्यातून एक खेकडा आरामात इकडून तिकडे गेला. गवतातून उंदीर वर येत होते, माझ्या बुटावरून जात होते, आणि त्यांच्या शेजारून साप, कुणी कुणाला काही करत नव्हतं. सापाने उंदराकडे बघितलं नाही याची मला जेवढी भीती वाटली, तेवढी त्या काळ्या आभाळाचीही वाटली नव्हती.

"काका, पाणी."

"दिसतंय मला."

"बांधाच्या मधल्या खड्ड्यावरून वाहायला लागलंय. तो येणार कुठून?"

"घोडी आहे त्याच्याकडे. थांब जरा."

मी थांबले. किती, ते सांगता येणार नाही. काका नंतर म्हणाले चार मिनिटं. त्या चार मिनिटांत मी ओविदला चारदा बुडालेला बघितला. तिकडे गवत पुरुषभर उंच. त्याला गुरांच्या पाठी दिसत असणार, बांध दिसत नसणार. पाणी त्याच्या मागून येतंय हे त्याला कोण सांगणार? माझ्याकडे आवाज पोचवायला एकच वस्तू होती.

"झेली, नको!" काका ओरडले.

मी फुंकलं. कुत्र्यांसाठी नाही, नवऱ्यासाठी. त्याने मान वर करावी, मागे बघावं, एवढ्यासाठी. भीतीने माझी अक्कल एवढी खाल्ली होती, की शिंग माणसाला काही सांगत नाही, ते फक्त कुत्र्यांना बोलावतं, हे जन्मभर पाहिलेलं मला आठवलंच नाही.

श्वास संपता संपता ते आठवलं. तिकडचा भुंकण्याचा गलका तुटला होता.

मग जमीन हादरायला लागली. बांधावरून आधी कुत्री आली, पाणी उडवत, जिभा बाहेर. त्यांच्या मागे गुरं, शिंगाला शिंग घासत, डोळे पांढरे करून. मी बाजूला उडी मारली. कुत्री आत, गुरं आत, काकांनी साखळी ओढली. सगळं कसं अगदी शिकवल्यासारखं झालं.

"आली! सगळी आली!" काका लहान मुलासारखे ओरडले.

गुरांच्या मागून घोडी आली होती. खोगीर रिकामं होतं. एक रिकीब उलटी होऊन खोगिरावर पडली होती.

मी कुत्री मोजली. चार. वाड्यात लाली दिसत नव्हती. आणि दूर गवतात, एकट्या कुत्र्याचं भुंकणं अजून चालू होतं. जाडं, घोगरं, हेकट. तेतू शिंगाला आला नव्हता.

"मी जातो," काका उठायला लागले.

"तुम्ही बसा. तुम्हाला वाहून आणायला माझ्याकडे दुसरी घोडी नाही." रिकिबीत पाय घालायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला.

बांधावर पाणी घोडीच्या गुडघ्यापर्यंत होतं. बांध सोडून गवतात उतरलो, तेव्हा पोटापर्यंत आलं. पाऊस आडवा लागत होता. मला पुढचं काही दिसत नव्हतं, मी फक्त त्या भुंकण्याच्या मागे चालले होते. मधेच ते थांबलं की मी लगाम ओढायची, पुन्हा सुरू झालं की घोडीला टाच. तीन वर्षं ज्याचं तोंड बंद व्हावं म्हणून मी देवाला साकडं घालत होते, त्याने आता भुंकत राहावं म्हणून मी मोठमोठ्याने प्रार्थना म्हणत होते.

जुन्या कालव्यातून उपसलेल्या गाळाचा एक उंचवटा होता, त्यावर ओविद बसला होता. उजवा पाय मांडीपासून भलत्याच बाजूला वळलेला. शेजारी लालीचं वासरू थरथरत पडलं होतं. वीस पावलांवर, पोटापर्यंत पाण्यात, डोकं खाली घालून लाली उभी होती. आणि दोघांच्या मधे तेतू, छातीपर्यंत पाण्यात, तिच्या नाकावर भुंकत. ती एक पाऊल पुढे टाकायची, तो नाकाला झोंबायचा, ती एक पाऊल मागे.

"आलीस," ओविद म्हणाला. तोंड पांढरं फटक पडलं होतं त्याचं.

"मीच फुंकलं."

"कळलं ते. वासरू उचलायला उतरलो होतो. कुत्री सुटली आणि लाली अंगावर आली. बंदूक पाण्यात गेली."

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी त्याच्या काखेत हात घातले. त्याला घोडीवर चढवताना तो एकदाच ओरडला, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो. लालीने मान वर केली. तेतू पुन्हा तिच्या नाकावर गेला.

"बोलाव आता त्याला," मी म्हटलं. "आणि वासरू?"

"वासरू इथेच राहू दे. नेलंस तर ती आपल्या मागे येईल."

"बरं. त्याला तरी बोलाव."

ओविदने टोपी काढायला हात वर नेला. टोपी कधीच वाहून गेली होती. त्याने नुसता हात हलवला. तेतूने मागे बघितलं नाही.

"तेतू!" मी ओरडले. "अरे ए मुडद्या, चल!"

"झेली, त्याला ऐकू येत नाही."

"येतं चांगलं, माजलाय तो."

"बहिरा आहे तो. माझी बंदूक त्याच्या कानाशी उडाली होती, तीन वर्षं झाली. बाकीची कुत्री वळली की तो वळतो. नाहीतर माझा हात बघतो. आज गायीवरून नजर काढली नाही त्याने, म्हणून मी आहे."

"मला सांगितलं नाहीस ते."

"तू काढून टाकला असतास त्याला."

काढून टाकला असता. त्याच आठवड्यात. बहिरा कुत्रा गुरांवर काय कामाचा, असं म्हणून. तीन वर्षं मी त्याला उंबऱ्यात शिव्या घातल्या होत्या आणि त्यातली एकही त्याच्या कानावर गेली नव्हती.

"मी जाऊन हात लावते त्याला."

"हात लावलास तर तो मान वळवेल. मान वळली की ती आपल्यावर येईल. या पाण्यात घोडी दोघांना घेऊन पळणार नाही. चल, झेली. तो धरून आहे तोवर चल."

मी तेतूच्या पाठीकडे बघितलं. म्हाताऱ्या कुत्र्याची पाठ, भिजून हाडं दिसणारी. पाणी त्याच्या खांद्याला टेकलं होतं. मी लगाम धरला आणि वळले.

परतताना पाणी माझ्या कमरेला होतं, बांधाच्या खड्ड्यात छातीला आलं. घोडी एकदा घसरली आणि ओविद मानेवर झुकला, मी त्याला खांद्याने वर रेटला. मागून भुंकणं येत होतं. ते येतंय तोवर लाली मागे नाही, हे मला माहीत होतं, आणि ते येतंय तोवर तो तिथेच आहे, हेही माहीत होतं. मी मागे वळून बघितलं नाही. मला बघायची भीती वाटत होती.

टेकाडावर अल्सीदकाकांनी ओविदला पिकअप गाडीत आडवा घेतला आणि पायाला फळी बांधायला सुरुवात केली. मी बांधाच्या तोंडाशी परत गेले. गळ्यातलं शिंग काढलं आणि फुंकलं. पुन्हा फुंकलं. वाड्याजवळची चारही कुत्री उठून आली, माझ्या पायाशी बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"झेली, अगं, निघायला हवं," काका मागून म्हणाले. "ओविदने सांगितलं मला. त्याला ऐकू येत नाही."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "म्हणूनच जोरात फुंकतेय."

काकांनी गाडी सुरू केली आणि थांबले. साडेपाचपर्यंत भुंकणं ऐकू येत होतं, मग नुसता वारा राहिला. मी चारही कुत्र्यांना एकेक करून उचलून गाडीत ओविदजवळ ठेवलं.